निनवे उलथणार की पालटणार? बायबलमधलं भाकीत स्वतःसाठी कसं वाचायचं

कुठे भूकंप झाला किंवा युद्ध पेटलं की आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तासाभरात प्रकटीकरणातलं, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, एखादं वचन येऊन पडतं, त्याखाली लाल अक्षरात "शेवट जवळ आला आहे", आणि त्याच्या खाली लगेच कुणाच्या तरी नातवाच्या बर्थडेचा केक. मला हसायचा फारसा हक्क नाही, कारण कॉलेजात असताना मीपण बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातले सत्तर आठवडे वहीत मांडून आकडेमोड केलेली आहे. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने असाच हिशोब मांडला होता आणि त्याच्या मागच्या लोकांनी ख्रिस्त परत येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की धरली, हजारो माणसं वाट बघत बसली, काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही, आणि २३ तारखेला नेहमीसारखं उजाडलं.

या आकडेमोडीत एक गोष्ट हातातून निसटते. देवाचा निरोप सांगणाऱ्या संदेष्ट्यांची कितीतरी भाकितं खरी ठरायला दिलेलीच नव्हती, ती खोटी ठरावीत हीच त्यांची इच्छा होती. आई म्हणते ना, "अशीच गाडी हाणत राहिलास तर एक दिवस हातपाय मोडून घेशील", तर ते भाकीतच आहे, पण ते खरं ठरलं म्हणून जगातली कुठली आई खूश होईल? हे एकदा डोक्यात बसलं की वाचायची पद्धतच बदलते. कधी होणार हा प्रश्न मागे पडतो आणि मी कुठून वळायचंय हा समोर येतो.

ही पद्धत सगळ्या संदेष्ट्यांना लावता येते, पण शिकायला मी योनाचं पुस्तक घेतो. चार अध्याय, ४८ वचनं, हळू वाचलं तरी वीस मिनिटं. गोष्ट थोडक्यात अशी: देव योना नावाच्या संदेष्ट्याला निनवे शहराला इशारा द्यायला पाठवतो, तो गलबतात बसून उलट पळतो, वादळात खलाशी त्याला समुद्रात टाकतात, मोठा मासा त्याला गिळतो आणि किनाऱ्यावर ओकतो, मग तो निनवेला जाऊन नाशाचं भाकीत सांगतो, लोक पश्चात्ताप करतात, देव शहराला सोडतो आणि योना चिडतो. सगळ्यांना मासा आठवतो, आणि तिथेच गडबड होते, कारण मासा तीनच वचनांत येतो. मासा खरा होता की ही बोधकथा आहे यावर भांडायचं असेल तर खुशाल भांडा, खाली जे सांगतोय त्याला दोन्हीकडून काही फरक पडत नाही.

आधी तयारी

दोन मराठी भाषांतरं घ्या. एक घरातलं जुनं, आजीच्या काळचं पवित्र शास्त्र, आणि एक सोप्या मराठीतलं, मोबाईलवर असलं तरी चालेल. दोन्हीत शब्द वेगळा दिसला की तिथे पेन्सिलने टिंब करा, कारण बहुतेक वेळा खाली मूळ भाषेत काहीतरी गंमत असते. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं, त्यासाठी त्या भाषा शिकल्या, आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं त्यात घातली. आपल्याला निदान दोन पुस्तकं शेजारी ठेवायला काय हरकत आहे?

वेळ सकाळची बरी. मी दूधवाला यायच्या आधी डायनिंग टेबलावर बसतो, फोन आतल्या खोलीत, मोबाईलवरचं भाषांतर बघायचं असेल तर इंटरनेट बंद. एक शंभर पानी वही. हायलायटर नको, तो दिसेल तिथे फिरवला जातो आणि मग सगळंच पिवळं.

पहिल्या दिवशी: हे कुणाला सांगितलंय ते बघा

थेट स्वतःला लावायची घाई करू नका. निनवे म्हणजे अश्शूरचं मोठं शहर, पुढे राजधानी झालेलं. आज इराकमध्ये मोसुल आहे तिथेच, तैग्रीस नदीच्या काठावर त्याचे अवशेष आहेत. याच अश्शूरने ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन ही राजधानी पाडली, उत्तरेचं इस्राएल राज्य संपवलं, माणसं उचलून लांब नेऊन टाकली. म्हणजे हे पुस्तक पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी निनवे हे नाव नुसतं नकाशावरचं ठिकाण नव्हतं, त्यांच्या घरच्या जखमेचं नाव होतं.

आणि योना? २ राजे १४:२५ उघडा. तिथे हाच अमित्तयचा मुलगा योना इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याला सांगतो की राज्याची हद्द वाढेल, आणि ती वाढतेसुद्धा. आपल्या लोकांना गोड बातमी देणारा माणूस. त्याला आता सांगितलंय शत्रूच्या गावी जा. एवढं वहीत दोन ओळींत लिहा आणि पहिला दिवस संपवा.

मग दोन दिवस: मोठ्याने वाचा, परत परत येणारे शब्द धरा

मोठ्याने म्हणजे खरंच आवाज काढून, घरातल्यांना वेड लागलंय असं वाटलं तरी चालेल. पहिल्या अध्यायात योना खाली उतरत राहतो. याफो बंदराला खाली जातो, गलबतात खाली उतरतो, मग गलबताच्या तळाशी, आणि दुसऱ्या अध्यायात पार डोंगरांच्या बुडाशी. हिब्रूत या सगळ्याला एकच क्रियापद आहे, याराद. देवाने म्हटलं होतं ऊठ आणि जा, आणि तो उठतो खरा पण पायरी पायरीने खाली जातो, ते पण तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरून! हे मला फार आवडतं. देवापासून पळायचंसुद्धा भाडं लागतं.

दुसरा शब्द राआ, म्हणजे वाईट, दुष्टपणा, अरिष्ट, सगळं एकातच. निनवेचा दुष्टपणा म्हणजे राआ, खलाशांवर आलेलं संकट म्हणजे राआ, देव जे आणणार होता आणि मग आणलं नाही तेही राआ. चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला निनवे बचावल्याचं योनाला वाईट वाटलं, तिथेही तोच शब्द. म्हणजे शहरातून निघालेला दुष्टपणा शेवटी कुठे जाऊन बसला ते बघा, संदेष्ट्याच्या पोटात. मराठीत हा धागा सहज दिसत नाही, भाषांतरात दरवेळी वेगळा शब्द येतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तिसरी गोष्ट माझ्या लक्षात यायला खूप वर्षं गेली. माशाच्या पोटातली प्रार्थना एवढी सुंदर आहे की आपण वाहवून जातो, पण त्यात "माझं चुकलं" असं एकदाही येत नाही. उलट मूर्तिपूजकांना एक टोमणा आहे, आणि गंमत म्हणजे नुकतंच वरती त्याच परक्या खलाशांनी जीव तोडून देवाचा धावा केलेला असतो. प्रार्थना छान झाली म्हणजे माणूस बदलला असं नाही. हे वहीत लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

चौथ्या दिवशी फक्त एक वचन: ३:४

या अख्ख्या पुस्तकात भाकीत म्हणावं असं एकच वाक्य आहे, हिब्रूत फक्त पाच शब्दांचं. अजून चाळीस दिवस, आणि निनवे उलथून पडेल. संपलं. पश्चात्ताप करा म्हणून नाही, देव दयाळू आहे म्हणून नाही, देवाचं नावसुद्धा नाही. शहर तीन दिवसांच्या वाटेचं आणि हा एक दिवस चालून एवढंच बोलतो. अगदी बळंच, पाट्या टाकल्यासारखं.

पण शेवटचा शब्द नीट बघा. क्रियापद आहे हफख. देवाने सदोम हे पापी शहर उलथून टाकलं तिथे हेच क्रियापद आहे, आणि १ शमुवेल १०:६ मध्ये पुढे इस्राएलचा पहिला राजा झालेल्या शौलाला सांगितलंय की तू वेगळाच माणूस होशील, तिथेही हेच. म्हणजे शहर उलथेल असाही अर्थ निघतो आणि शहर पालटेल असाही. आपल्या मराठीला हे समजवायला लागतच नाही, आपण उलथापालथ असा एकच शब्द करून टाकलाय आणि त्यात दोन्ही शेजारी शेजारी बसलेत. योनाला फक्त उलथणं हवं होतं. निनवे पालटली. मग भाकीत खोटं ठरलं की खरं?

या वचनावर पूर्ण दिवस घालवा. सकाळी वाचा, दुपारी डबा खाताना आठवा, रात्री एकदा. आणि वहीत दोन कॉलम करा: माझ्यातलं काय उलथून पडावंसं वाटतं, आणि काय पालटावंसं. उत्तरं लगेच येणार नाहीत, कॉलम कोरे राहिले तरी पान फाडू नका.

अट शोधा

भाकितात अट बहुतेक वेळा लिहिलेली नसते, ती धरून चालायची असते. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात १८ व्या अध्यायात कुंभाराच्या चाकाची गोष्ट आहे, त्यातली ७ ते १० ही वचनं म्हणजे सगळ्या भाकितांना लावायची किल्ली. मी एखाद्या राष्ट्राला उखडून टाकीन म्हणालो आणि ते आपल्या दुष्टपणापासून फिरलं तर मीही फिरेन, आणि बांधीन म्हणालो आणि ते बिघडलं तर तेही मागे घेईन, असा त्याचा मतलब. दुसरा अर्धा भाग आपण सोयीने विसरतो. आशीर्वादाचं वचन फ्रेम करून भिंतीला लावलं म्हणजे ती एफडी झाली असं नाही.

याचा पुरावा बायबलातच आहे आणि तो माझा सगळ्यात लाडका प्रसंग आहे, यिर्मया २६. यरुशलेमच्या मंदिराचा नाश होईल असं बोलल्याबद्दल यिर्मयाला मारून टाकायला लोक निघालेत. तेव्हा काही म्हातारे वडीलधारे उभे राहतात आणि म्हणतात, अरे शंभरएक वर्षांपूर्वी हिज्कीया राजाच्या काळात मीखा संदेष्टा हेच बोलला होता, सियोन म्हणजे यरुशलेम शेतासारखी नांगरली जाईल म्हणून, तेव्हा राजाने त्याला मारलं का? राजा घाबरला, त्याने देवाची विनवणी केली, आणि ते अरिष्ट टळलं. म्हणजे मीखाचं "न घडलेलं" भाकीत शंभर वर्षांनी यिर्मयाचा जीव वाचवायच्या कामाला आलं. त्या म्हाताऱ्यांपैकी एकानेही मीखा खोटा होता असं म्हटलं नाही.

आता कुठे स्वतःकडे

शहराचा किंवा राष्ट्राचा मजकूर स्वतःच्या मनाला लावायचा हा काही माझा शोध नाही. पाचव्या शतकात जॉन कॅशियन नावाच्या मठवासीने यरुशलेम या एका शब्दाचे चार अर्थ सांगितले: इतिहासात यहुद्यांचं शहर, मग ख्रिस्ताची मंडळी, मग स्वर्गातलं नगर, आणि चौथा माणसाचा आत्मा. फक्त त्याने पहिला अर्थ पुसला नव्हता, म्हणून पहिल्या दिवशी तुम्हाला मोसुलला नेलं.

तर प्रश्न असा घाला: माझी निनवे कोण? म्हणजे कुणाचं भलं झालेलं मला बघवत नाही? ज्याचं वाटोळं व्हावं असं वाटतं पण चर्चमध्ये बोलता येत नाही, तो. नाव लिहा, आडवळणाने नको.

माझ्या वहीत चुलत भावाचं नाव आहे. नगर जिल्ह्यात आमची थोडी जमीन आहे, २०१३ साली त्याने नांगरताना बांध कोरला, दोन सरी आमच्यात आला, मी पुण्याहून गेलो, शब्दाला शब्द वाढला आणि बोलणं बंद. नाताळला गावी गेलो की तो चर्चमध्ये दोन बाकं पुढे बसलेला, मी मागून त्याच्या मानेकडे बघत प्रभूच्या प्रार्थनेतलं क्षमेचं वाक्य, "जसे आम्ही आमच्या ऋण्यांस", म्हणतोय. एका वर्षी त्याच्या कांद्याला चांगला भाव मिळाला असं आईने फोनवर सांगितलं आणि मला अक्षरशः जेवण गेलं नाही. चौथ्या अध्यायाचं पहिलं वचन त्यानंतर मी कधी दुसऱ्या कुणाला लावलं नाही.

त्याच अध्यायात योना खरं कारण ओकतो. मला माहीतच होतं तू दयाळू आहेस, मंदक्रोध आहेस, म्हणूनच मी पळालो. बायबलात इतरत्र जी देवाची स्तुती आहे तीच इथे तक्रार म्हणून येते. तुमची तक्रार पण अशीच उघड लिहा. देव त्यावर चिडत नाही, फक्त विचारतो, तुला राग आलाय हे बरं आहे का? योना पहिल्यांदा उत्तरच देत नाही, उठून शहराच्या पूर्वेला जाऊन बसतो, बघू काय होतंय ते.

झाड शोधा, ही पायरी टाळू नका

मग ते सावलीचं झाड. नक्की कुठलं यावर फार पूर्वीपासून वाद आहेत. जेरोम या जुन्या बायबल-पंडिताने लॅटिन भाषांतर करताना जुना शब्द बदलला तर आजच्या लिबियातल्या ट्रिपोलीत मंडळीने एवढा गोंधळ घातला की बिशपची माणसं पांगायची वेळ आली, त्याच काळातल्या ऑगस्टीन या बिशपने पत्र लिहून जेरोमला हे कळवलं होतं. शहराच्या जिवावर चाललेल्या गोष्टीत लोक झाडावरून भांडले, म्हणजे योनाने जे केलं तेच की!

झाड एका रात्रीत आलं, योनाला भयंकर आनंद झाला (अख्ख्या पुस्तकात तो तेवढ्याच वेळा खूश आहे), दुसऱ्या पहाटे किड्याने ते खाल्लं, पूर्वेचा गरम वारा सुटला, आणि हा म्हणतो मरण बरं. तर तुमचं झाड कुठलं? मोठं काही शोधू नका. आमच्या सोसायटीत बदामाच्या झाडाखाली एक पार्किंग आहे, कुणाच्या नावावर नाही, पण मी तिथे लावतो. एका मे महिन्यात तिथे नव्या भाडेकरूची गाडी दिसली आणि मी वॉचमनवर जो ओरडलो त्याची मला अजून लाज वाटते. त्याच आठवड्यात गावाकडे पाण्याचा टँकर चार दिवस आला नव्हता, ते मी ऐकलं होतं आणि "अरेरे" म्हणून पुढे गेलो होतो. वहीत दोन्ही शेजारी लिहिलं तेव्हा पुस्तकाचा शेवटचा प्रश्न मला पहिल्यांदा ऐकू आला: ज्या झाडासाठी तू कष्ट केले नाहीस त्याची तुला एवढी कीव, आणि ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांवर माणसं आणि एवढी जनावरं ज्या शहरात, त्याची मी करू नये? पुस्तक तिथेच थांबतं, योना काय म्हणाला ते लिहिलेलंच नाही.

हातात काय आहे ते बघा

निनवेच्या राजाच्या हुकुमात पश्चात्तापाची खूण म्हणून अंगावर गोणपाट आहे, उपास आहे, जनावरांनासुद्धा पाणी नाही. पण मुख्य वाक्य ३:८ मध्ये आहे: प्रत्येकाने आपल्या वाईट मार्गापासून आणि आपल्या हातातल्या जुलमापासून वळावं. हातातल्या. मिश्ना या यहुद्यांच्या जुन्या धर्मग्रंथात ताअनीत नावाचा उपासांवरचा भाग आहे, त्यात यावर नेमकं बोट ठेवलंय की देवाने त्यांचं गोणपाट आणि उपास बघितला असं लिहिलेलं नाही, त्यांची कृत्यं बघितली असं लिहिलंय. म्हणून वही भरली तरी काम झालेलं नसतं. चाळीस दिवसांच्या आत करता येईल असं एक काम ठरवा, हाताने करायचं, लहान, आणि ज्यात समोरच्याने काही परत द्यावं अशी अट नसेल असं. मी त्या नाताळला करंज्या-अनारशांचा डबा घेऊन भावाच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला. तो गोठ्यात होता, बाहेर आला नाही. बांध आहे तिथेच आहे.

उपास करायचा असेल तर जरूर करा, परंपरा जुनी आहे. योम किप्पूर या यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी सिनॅगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, योनाचं अख्खं पुस्तक वाचतात, आणि आपल्या कोकणातले बेने इस्राएल हे मराठी यहुदी त्या दिवसाला मराठीत दारफाळणीचा सण म्हणत आले, घराची दारं लावून उपास करायचा दिवस. केरळातले सिरियन ख्रिस्ती निनवेच्या नावाने तीन दिवसांचा उपास धरतात. डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, एवढं सांगून ठेवतो.

कुठे घसरायला होतं

दुसऱ्याला लावणं ही पहिली घसरण. वाचताना "हे त्या अमक्याने ऐकायला हवं" असं मनात आलं की पुस्तक मिटा, चहा प्या, परत या.

दुसरी जास्त वाईट. कुणी आजारी पडलं, कुणाचा धंदा बुडाला, की ही देवाची शिक्षा म्हणून वचन फेकून मारणं. संदेष्टे रागावले ते बहुतेक राजांवर, न्यायाधीशांवर, खोटी मापं वापरणाऱ्यांवर, आमोस संदेष्ट्याचं पुस्तक वाचून बघा. हॉस्पिटलच्या कॉटवरच्या माणसावर नाही. आणि ज्या बाईला घरात मारहाण होते तिला "तुझ्या निनवेकडे जा" असं सांगायला ही पद्धत वापरलीत तर ती पद्धत नाही, जुलूम आहे. निनवेतच जुलूम थांबला होता, तो सोसायला कुणाला पाठवलं नव्हतं.

आणि एकदा वळलं की कायमचं झालं असंही समजू नका. ख्रिस्तपूर्व ६१२ मध्ये बाबेलच्या आणि मेदी फौजांनी निनवे पाडलीच. नहूमचं छोटं पुस्तक त्याच पडझडीबद्दल आहे आणि त्यात दयेचा सूर जवळजवळ नाही. मी योना संपल्यावर मुद्दाम नहूम वाचतो, तोंड कडू होतं, पण ते कडूच राहू द्यावं.

हे सगळं दहा-बारा दिवसांत होतं, घाईत केलं तर आठ. पुढे हबक्कूक घ्या, तीनच अध्याय, आणि तिथे भांडण सरळ देवाशी आहे. त्यानंतर आमोस, मग होशेय. यिर्मया लांबलचक आहे, तो पावसाळ्यात. दानीएल आणि प्रकटीकरण मात्र वर्षभर तरी कपाटात राहू द्या, विशेषतः घरात कॅल्क्युलेटर असेल तर.